सात नंबरचा बिल्ला

ता. ३, सोमवार

पोहोचलो एकदाचे! दोन गाड्या बदलून, तीन पिशव्या आणि एक छत्री सांभाळत. पैकी छत्री शेवटी गाडीतच राहिली. ही म्हणाली की छत्री गेली तर गेली, तुम्ही उतरलात हे काय कमी आहे. अठ्ठेचाळीस वर्षं झाली संसाराला, अजून असं एखादं वाक्य टाकते आणि माझा दिवस साजरा होतो.

साडूचं घर धक्क्याला लागूनच आहे. खाली बोटीचं ऑफिस, वर दोन खोल्या, मधे जिन्याचं वळण. आम्हाला समुद्राकडची खोली दिली आहे. खिडकीशी टेबल आहे, त्यावर ही वही उघडली. पाठ्यपुस्तकांच्या छापखान्यात छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या ओळींतल्या चुका काढल्या. आता दोन आठवडे स्वतःच्या ओळी लिहायच्या आणि एकही चूक काढायची नाही, असं ठरवलं आहे.

साडू धक्क्यावर उभाच होता. सत्तरी ओलांडली तरी ताठ, उन्हाने रापलेला, केस पांढरे पण सगळे जागच्या जागी. मला पाहताच या कविराज, म्हणून हाक मारली; पहिल्यापासून तो मला असंच चिडवतो. हिला म्हणाला की धाकटे, तू म्हातारी व्हायचं काही नाव घेत नाहीस. ही हसली. प्रवासाने शिणलेली बाई इतकं मोकळं हसेल असं वाटलं नव्हतं.

बेत असा आहे. बोटीने सव्वा तासावर एक लहानसं निर्जन बेट आहे. मधे काळा उभा कातळ, काठाला पांढऱ्या वाळूचा चिंचोळा पट्टा आणि पाण्याखाली प्रवाळांची बाग. डोळ्यांवर काचेचा चष्मा चढवायचा, तोंडात नळी धरायची आणि पालथं तरंगत खालचं जग बघायचं. साडूचा धंदाच तो. सोळा तारखेच्या फेरीत ही जाणार आहे. हिची थोरली बहीण अक्का, म्हणजे साडूची बायको, दोन वर्षांपूर्वी त्याच बेटापाशी गेली. अक्काने शेवटचं जे पाहिलं ते मला एकदा पाहायचं आहे, असा हिने वर्षभर धोशा लावला होता. मला पोहता येत नाही. मी बोटीत बसून हिची वाट पाहीन. वाट पाहण्यात मी पहिल्यापासून हुशार.

तिसरीच्या पुस्तकातली बेटाची कविता आज दिवसभर ओठांवर आहे. छापली तेव्हा तिची तीनच कडवी छापली. चौथं मुलांना उदास करील म्हणून काढून टाकलं. हस्तलिखित माझ्याकडे आलं होतं, म्हणून मला ते पाठ:

दूर जाई नाव, बेट घाली साद,
मागे राहिला जो, त्याची ठेव याद.

लग्नानंतर पहिल्याच महिन्यात गच्चीवर मी हे हिला म्हणून दाखवलं होतं. जगात तिघांनाच ठाऊक: कवीला, मला आणि हिला. कवी तर केव्हाच गेले.

ता. ४, मंगळवार

सकाळी ऑफिस पाहिलं. भिंतीवर एक लाकडी फळी आहे, तिला सहा खुंट्या, प्रत्येक खुंटीवर दोन पितळी बिल्ले. ही फळी बोटीबरोबर जाते. पाण्यात कुणी एकट्याने उतरायचं नाही, जोडीनेच उतरायचं, आणि उतरताना दोघांचे बिल्ले एका खुंटीवर टांगायचे. परत आल्यावर मात्र आपला बिल्ला आपण काढायचा नाही, जोडीदाराचा काढायचा. म्हणजे शेजारचा माणूस डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्याचा बिल्ला निघत नाही. फळी रिकामी झाली की बोट हलते. माणसं मोजत नाहीत, फळी बघतात. बोट चालवणाऱ्याला सगळे शिट्टी म्हणतात, कारण तो अखंड शीळ घालत असतो. तो म्हणाला की माणसं मोजायला गेलं तर ती जागची हलतात, बिल्ले हलत नाहीत.

मला ही पद्धत फार आवडली. प्रूफ वाचताना आम्हीही असेच दोघे बसत असू. एकाने वाचायचं, दुसऱ्याने बघायचं.

मग साडूने आपणहून अक्काची हकीकत सांगितली. त्या दिवशी तो पाहुण्यांशी गप्पा मारत होता. पिवळा चष्मा लावलेली एक बाई बोटीत चढताना त्याने डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिली आणि अक्काचा सात नंबरचा बिल्ला काढला. ती बाई दुसरीच होती. तिचाही चष्मा पिवळा. फळी रिकामी झाली, बोट निघाली. निम्म्या वाटेत कळलं, पण परत पोहोचेपर्यंत भरतीने वाळूचा पट्टा गिळला होता, आणि त्या कातळावर चढायला वाट नाही. तीन दिवस शोधलं. सापडला तो फक्त तिचा चष्मा. तेव्हापासून बोटीवर सगळे चष्मे निळे. पिवळा तेवढा एकच, तिचा, जिन्याच्या वळणावर खिळ्याला टांगलेला.

हिने पदर डोळ्यांना लावला. साडूने तिच्या खांद्यावर हात ठेवला. ठेवला तो ठेवलाच.

ता. ६, गुरुवार

सहलीची तयारी मी हातात घेतली आहे. रिकामा बसलो तर उगाच डोकं चालतं. भरतीचं वेळापत्रक तपासलं (त्यात छपाईच्या दोन चुका निघाल्या, शिट्टी चकित झाला). सोळा तारखेला पूर्ण भरती साडेबाराला. म्हणजे आठला निघायचं, सव्वानऊला बेट, अकराला बोट हललीच पाहिजे. पिण्याच्या पाण्याचे चार कॅन, मळमळीच्या गोळ्या, जादा नळ्या तीन, टॉवेल. पाण्यात उतरणारे आठ जण: नवीन लग्न झालेलं जोडपं, डॉक्टर आणि डॉक्टरीणबाई, कॉलेजातल्या दोघी मैत्रिणी, आणि ही. हिचा जोडीदार साडू.

दुसरं कोण असणार? मी तर काठावरचा माणूस. फळी सांभाळायचं काम साडूने मला दिलं; म्हणाला की कविराज, तुमच्या नजरेतून मुंगी सुटत नाही. कौतुक होतं की टोमणा, ते ठरवता आलं नाही.

पण मग त्याने खणातून सातचा बिल्ला काढला आणि हिच्या हातात दिला. दोन वर्षं टांगला नव्हता म्हणे. त्याचा स्वतःचा आठ. सात आणि आठ एका खुंटीवर. शिवाय जिन्यातला पिवळा चष्माही हिला लावून पाहिला, तर मापाचा निघाला. बहिणींची चेहरेपट्टी एकच, असं तो म्हणाला.

एक गोष्ट इथे लिहून ठेवतो, कारण कुठे बोलता येत नाही. साडूचं स्थळ आधी हिच्यासाठीच आलं होतं. थोरली असताना धाकटीचं कसं करायचं, म्हणून वडिलांनी ते अक्काकडे वळवलं. मी दीड वर्षाने आलो. ही कधी त्याबद्दल बोलली नाही. पण न बोललेलंच जास्त ऐकू येतं.

ता. ८, शनिवार

धक्क्यामागच्या उथळ पाण्यात हिचा सराव सुरू आहे. ही पालथी तरंगते, साडू तिचा हात धरून पुढे नेतो. पायरीवर टॉवेल घेऊन मी. वर आली की ती पाहिलेलं सांगते: निळा मासा, चट्ट्यापट्ट्यांचा मासा, एक तर अगदी तुमच्या छापखान्याच्या मॅनेजरांसारखा गाल फुगवून बघणारा! पण आधी हे सगळं साडूला सांगून झालेलं असतं. माझ्या वाट्याला दुसरी आवृत्ती.

ही सुंदर दिसते पाण्यात. सहासष्ट वर्षांची बाई. मी हे तिला म्हणालो असतो, पण साडू आधी म्हणाला.

दुपारी खोलीत आलो तर माझ्या टेबलावर, या वहीशेजारी, सातचा बिल्ला. खाली पाण्याचं छोटंसं थारोळं. म्हणजे हिने तो साडूच्या खुंटीवरून काढून माझ्याजवळ आणून ठेवला! तोंडाने बोलणार नाही, हे असं करील. मी विषय काढला नाही. अशा गोष्टी बोलून बिघडवू नयेत. बिल्ला पुसून खाली नेऊन टांगला आणि जिना उतरताना चक्क गुणगुणत होतो.

ता. १०, सोमवार

आज चहाच्या वेळी साडू वर्तमानपत्र वाचता वाचता गुणगुणला. दूर जाई नाव, बेट घाली साद.

कप हातात तसाच राहिला माझ्या. कुठून आलं हे, विचारलं. तो म्हणाला, असंच कुठूनतरी कानावर आलं, सकाळपासून डोक्यात घोळतंय.

खोलीत येऊन हिला विचारलं. ती म्हणाली की मी कशाला सांगू भाऊजींना; लग्नानंतर अक्काला पत्रातून कळवलं होतं तेवढंच. अक्काला ते फार आवडायचं, कामं करताना म्हणायची. त्यात काय एवढं, अहो, दोन ओळी तर आहेत.

दोन ओळी तर आहेत.

अठ्ठेचाळीस वर्षं मी समजत होतो की जगात आमच्या दोघांचंच असं काहीतरी आहे. माझं अख्खं ऐश्वर्य दोन ओळींचं, तेही या घरात आधीच येऊन राहिलेलं. आणि ते पत्राचं मला खरं वाटत नाही. दोन वर्षांपूर्वी गेलेल्या बाईचं गाणं आज सकाळी कानावर येतं का?

बिल्ला पुन्हा माझ्या टेबलावर. ओला. पण ही सकाळपासून पाण्यात उतरलेलीच नव्हती.

ता. १२, बुधवार

पहाट फुटताना जाग आली. खिडकीतून पाहिलं. धक्क्यावर साडू पाठमोरा बसलेला, हातात कप. त्याच्यापासून दहा हातांवर उथळ पाण्यात पिवळा चष्मा लावलेली बाई, खांद्यापर्यंत पाण्यात, त्याच्याकडे तोंड करून. तरंगत नव्हती, हलतही नव्हती. त्याच्याकडे बघत होती.

डोक्यात तिडीक गेली. माझा डोळा चुकवून पहाटे भेटता काय! चप्पलही न घालता दाराकडे धावलो आणि पलंगाला अडखळलो.

पलंगावर ही झोपली होती. केस कोरडे. तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. गरम, कोरडं कपाळ.

परत खिडकीशी गेलो. पाण्यात ती तशीच उभी. पण आता तोंड खिडकीकडे होतं.

जिन्याच्या वळणावर जाऊन पाहिलं तर चष्मा खिळ्याला होता. त्यातून पाणी ठिबकत होतं. खालच्या पायरीवर ओली पावलं. वर येणारी. आमच्या दारापर्यंत.

ता. १३, गुरुवार

कुणाला सांगितलं नाही. काय सांगणार? म्हाताऱ्याला भास होतात म्हणून साडू हसेल, आणि ही त्याच्याबरोबर हसेल.

दिवसभर विचार केला. ती मला काही करत नाही. ती फक्त सातचा बिल्ला आठपासून लांब नेते आणि माझ्याकडे आणून ठेवते. आज तीनदा टांगला, तीनदा परत आला. तिलाही ते दोन बिल्ले एका खुंटीवर बघवत नाहीत. तिच्या जागी तिची बहीण, तिच्या नवऱ्याचा हात धरून, तिचाच चष्मा लावून...

भीती वाटायला हवी होती. वाटते आहे. पण खरं लिहितो: थोडं बरंही वाटतं. या घरात माझ्या बाजूचं कुणीतरी आहे.

ता. १४, शुक्रवार

जोड्या बदला म्हणालो. हिला डॉक्टरीणबाईंबरोबर पाठवा. साडू सगळ्यांदेखत म्हणाला की कविराज, बायको हरवेल म्हणून घाबरता की मी पळवीन म्हणून? सगळे हसले. शिट्टीची शीळसुद्धा हसल्यासारखी झाली.

ही खोलीत येऊन रागावली. या वयात शोभतं का, म्हणाली. मी बहिणीसाठी जातेय, तुम्हाला त्यातही तुमचंच दिसतं. मग आवाज उतरला. म्हणाली की मी आयुष्यभर तुमच्या खिडकीशी बसून तुमच्या कविता ऐकल्या, एक दिवस मला पाणी बघू द्या.

खरं आहे तिचं. एकेक अक्षर खरं.

मी मात्र ऐकत होतो ते भिंतीपलीकडचं. जिन्यात कुणीतरी ओल्या गळ्याने दूर जाई नाव म्हणत होतं. हिने विचारलं, कुठे लक्ष आहे तुमचं?

ता. १५, शनिवार

सगळी तयारी झाली. यादी तीनदा तपासली. कॅन भरले.

फळी माझ्या हातात असणार. फळी रिकामी तर बोट निघणार. एका बिल्ल्याचा प्रश्न. साडू पोहण्यात पटाईत, त्याला काय होणार आहे, दोन तास कातळाला धरून राहील, जिरेल जरा...

ही ओळ खोडायला हवी. जन्मभर खोडत आलो. हात उठत नाही.

बिल्ला आज टेबलावर आला नाही. खाली जाऊन पाहिलं. सात आणि आठ, शेजारी शेजारी, मुकाट. जणू ठरलं आहे.

ता. १६, रविवार. सकाळी साडेनऊ

बेट. कातळ काळाकुट्ट. वाळू इतकी पांढरी की डोळे मिटतात. मागच्या बाकावर मी, फळी मांडीवर, वही पिशवीतून काढली आहे. शिट्टी पुढे केबिनमध्ये. आठही जण पाण्यात. जाताना ही वळून म्हणाली, जाऊन येते हं. मी फक्त मान हलवली. बोलायला हवं होतं.

दहा वाजून दहा

सगळे जवळपास आहेत. ही आणि साडू सर्वांत लांब, कातळाच्या टोकाशी. दोन नळ्या. डोकी एकमेकांना चिकटलेली. काय एवढं दाखवतो आहे तिला?

तीन नळ्या. पुन्हा मोजल्या.

दोन.

पावणेअकरा

नवीन जोडपं आलं, एकमेकांचे बिल्ले काढले. डॉक्टर आणि डॉक्टरीणबाई आले. मैत्रिणी आल्या. सगळे पुढे सावलीत फोटो बघतायत. फळीवर सात आणि आठ. फक्त सात आणि आठ. वाळूचा पट्टा अर्धा झाला आहे. ती दोघं कातळाआड गेली, दिसत नाहीत. कातळाआड! अठ्ठेचाळीस वर्षं...

अकरा

आली! ही आली! पिवळा चष्मा, एकटी, मागच्या शिडीने वर. तो नाही. माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि हात लांबवून स्वतःच आठचा बिल्ला काढला. त्याला पाहिलं नसताना! काढून माझ्या तळहातावर ठेवला. मी सात काढला. फळी रिकामी. हात वर करून शिट्टीला दाखवली. इंजिन सुरू.

तिने निवडलं. मला निवडलं. शेजारी बसली आहे. चष्मा काढत नाही, दमली असेल. काढील. मग मी तिला सांगणार, पाण्यात तू किती सुंदर...

अकरा दहा

किती गार हात.

टॉवेल दिला. घेत नाही. बाकाखाली पाणी साचतंय. थांबत नाही.

नळीतून काहीतरी येतंय. गुणगुणल्यासारखं. मागे राहिला जो —

ही कधीच गुणगुणत नाही. ही फक्त ऐकते.

अकरा चौदा

मागे पाहिलं.

वाळूवर दोघं उभी. दोघं. एक ताठ, पांढऱ्या केसांचा. दुसरी दोन्ही हात वर करून हलवते आहे. एका हातात पिवळं —

पिवळं.

मग माझ्या शेजारी —

मी ठेवलं तिला तिथे. त्याच्याबरोबर. मीच. त्याने केली तीच चूक. मी तर पाहिलंसुद्धा नाही, मला फक्त हवं होतं —

ओरडलो. तोंडातून खारट पाणी. पुन्हा ओरडलो. पाणीच. उठता येत नाही, तिचा हात गुडघ्यावर, नांगरासारखा. पुढे कुणाचं लक्ष नाही. शीळ चालू आहे.

साडेबाराला भरती. आत्ता वळलो तर —

लिहिता येतंय. मोठ्या अक्षरांत लिहून वही पुढे फेकायची. शिट्टीच्या पायाशी. तो वाचेल. तो फळी बघतो, पण हे वाचेल. ती बघते आहे मी काय लिहितो ते. चष्म्याच्या आत पाणी आहे, पाण्यात डोळे —

शिट्टी ती दोघं बेटावर आहेत फळी खोटी आहे

पेन्सिल धरली तिने — माझ्या बोटांवर तिची — नको अक्का, तुझी बहीण आहे ती, तुझी धाकटी —

बोट फिर